कॉम्प्युटरवरून बल्ब लावायचा खेळ: पाच व्होल्टपर्यंत पोरांचा, २३० व्होल्टला वायरमनचा

विज्ञान प्रदर्शन आलं की हायस्कूलच्या हॉलमध्ये एक टेबल हमखास दिसतं. त्यावर एक लॅपटॉप, पत्त्याच्या पानापेक्षाही लहान अशी निळी पाटी, चार-पाच रंगीत वायरी आणि पुठ्ठ्याच्या घरात लावलेला बल्ब. पोरगं कीबोर्डवर १ दाबतं, 'टिक' असा आवाज येतो आणि बल्ब लागतो. ० दाबलं की बंद. बघणारे खूश, गुरुजी खूश.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. प्रदर्शन संपतं, पाटी घरी येते आणि तेच पोरगं मोबाईलवर व्हिडिओ बघून ती घरातल्या स्विचबोर्डाला जोडायला बसतं. वायरी त्याच दिसतात, 'टिक' आवाजही तोच येतो. पण त्या छोट्या डबीच्या एका बाजूला पाच व्होल्ट असतात आणि दुसऱ्या बाजूला २३०. पाच व्होल्टला हात लागला तर काही कळतसुद्धा नाही. २३० ला लागला तर काय होतं, ते प्रत्येक गावाला माहीत आहे. म्हणून या छंदात नेमकं काय चालतं आणि कुठे थांबायचं, हे पोरांइतकंच आई-वडिलांनीही समजून घेतलेलं बरं.

कॉम्प्युटर बल्ब लावतो, म्हणजे करतो काय?

कॉम्प्युटर स्वतः बल्ब लावत नाही. तो फक्त एका तारेवर थोडा व्होल्टेज देतो किंवा काढून घेतो. एवढंच त्याचं काम.

हा खेळ काही आजचा नाही. १९९० च्या दशकात कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरसाठी २५ पिनांचं एक लांबट पोर्ट असायचं. त्यातल्या २ ते ९ नंबरच्या आठ पिनांवर डेटा जायचा. हौशी लोकांनी ओळखलं, की या आठ पिना म्हणजे आठ स्विच आहेत. प्रोग्राममधून त्या पोर्टला ० ते २५५ मधला एक आकडा पाठवायचा, की त्या आकड्याप्रमाणे पिना चालू-बंद व्हायच्या. पहिल्या पिनेची किंमत १, दुसरीची २, तिसरीची ४, चौथीची ८, अशी दुप्पट होत शेवटची १२८. समजा ५ पाठवले, तर ४ अधिक १, म्हणून पहिला आणि तिसरा दिवा लागणार. २५५ पाठवले की आठही दिवे. संगणकाची द्विमान पद्धत पाटीवर शिकायला आठवडा लागतो. आठ दिव्यांवर ती दुपारभरात डोक्यात बसते.

अडचण एकच होती. त्या पिना थेट मदरबोर्डाशी जोडलेल्या असायच्या. एखादी वायर चुकून भलतीकडे लागली, की प्रयोग बाजूला आणि कॉम्प्युटरच दुरुस्तीला. पुढे विंडोज एक्सपीच्या जमान्यात साध्या प्रोग्रामला त्या पोर्टाला थेट हात लावता येईना, आणि नंतर लॅपटॉपवरून ते पोर्टच गेलं. राहिलं ते यूएसबी. यूएसबीच्या तारेवर मात्र असा सरळ एक-एक दिवा लावता येत नाही. तिथे आकडे ठरावीक पद्धतीने ये-जा करतात, ते समजून घेणारा कोणीतरी मध्ये लागतो.

इटलीतल्या बारचं नाव असलेली पाटी

तो मध्यस्थ म्हणजे ती निळी पाटी, आर्डुइनो. इटलीत इव्रेया नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या डिझाइनच्या संस्थेत २००५ मध्ये मासिमो बान्झी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती तयार केली. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावी, स्वस्त असावी, हा हेतू. याच संस्थेतल्या एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने त्याआधी 'वायरिंग' नावाचं काम केलं होतं, त्याच्याच पायावर हे उभं राहिलं. ही मंडळी ज्या बारमध्ये बसायची त्याचं नाव हजार वर्षांपूर्वीच्या आर्डुइनो राजावरून होतं, तेच पाटीला दिलं.

त्यांनी पाटीचा नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवला. म्हणून आज ती कोणीही बनवू शकतं, आणि बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा पाट्या चीनमध्ये बनलेल्या जोडपाट्या असतात. साधारण तीनशे ते सहाशे रुपयांत मिळतात आणि शिकायला पुरेशा असतात. फक्त त्यांच्यावर बऱ्याचदा सीएच३४० नावाची चिप असते. लॅपटॉपने पाटी ओळखली नाही, तर या चिपचा ड्रायव्हर टाकावा लागतो. तरीही ओळखली नाही तर वायर बदलून बघा. काही यूएसबी वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. कित्येक पोरांचा पहिला दिवस या वायरीपायी वाया जातो आणि दोष पाटीला जातो.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी पाटी म्हणजे ऊनो. तिच्यावर १४ पिना चालू-बंद करण्याच्या आणि ६ पिना मोजमापाच्या असतात. लॅपटॉपवर चार ओळींचा प्रोग्राम लिहायचा, तो वायरीतून पाटीवर चढवायचा. प्रोग्रामचे दोन भाग. एक, पाटीला करंट मिळाल्यावर एकदाच चालणारा. दुसरा, मोटेच्या बैलासारखा तीच फेरी पुन्हापुन्हा मारणारा. या फेरीत पाटी विचारत राहते: कॉम्प्युटरकडून काही आलं का? १ आला तर पिनेवर पाच व्होल्ट दे, ० आला तर काढ.

इथे एक गोष्ट नवख्याला चकवते. लॅपटॉपवर आकडे पाठवायची खिडकी उघडली, की ऊनो स्वतःहून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लावलेला दिवा विझतो. पाटी खराब झालेली नसते, तिची तशीच रचना आहे.

पहिला दिवा एलईडीचाच

सुरुवात करायची ती एका लाल एलईडीने आणि २२० ओहमच्या रेझिस्टन्सने. दोन्ही मिळून पाच रुपयांचं काम. रेझिस्टन्स कशाला, असं पोरं विचारतात. हिशोब सोपा आहे. पिन पाच व्होल्ट देते. लाल एलईडी त्यातले साधारण दोन घेतो. उरले तीन. तीनला २२० ने भागलं की सुमारे साडेतेरा मिलीअँपिअर येतात. पाटीच्या एका पिनेवर २० मिलीअँपिअरपर्यंतच भार टाकावा, ४० म्हणजे अगदी शेवटची मर्यादा. रेझिस्टन्स काढून टाकला तर करंट या हद्दीबाहेर जातो. एलईडी तरी जातो किंवा पिन.

हा साडेतेराचा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो. पाटी म्हणजे फार बारीक ताकदीचा गडी. हुशार आहे, सांगितलेलं विसरत नाही, पण त्याला पोतं उचलायला लावू नये.

'टिक' कुठून येतो?

पोतं उचलायचं काम रिलेचं. निळ्या काडेपेटीसारखी दिसते तीच ती डबी. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून करंट गेला की त्याचं लोहचुंबक होतं आणि ते लोखंडाची एक पट्टी खेचतं. पट्टी दुसऱ्या टोकाला जाऊन चिकटते, तोच 'टिक'. वेटोळं आणि पट्टीची टोकं यांचा आपसात विजेचा संबंध नसतो, फक्त ओढीचा असतो. पाच व्होल्टची बाजू आणि २३० व्होल्टची बाजू यांच्यातली भिंत ती हीच.

या वेटोळ्याला साधारण ७० मिलीअँपिअर लागतात. पिनेची मर्यादा आपण पाहिली. म्हणून सुटा रिले पिनेला थेट जोडायचा नाही. बाजारात तयार रिले मॉड्यूल मिळतं, पन्नास ते शंभर रुपयांत. त्यावर करंट वाढवणारा ट्रान्झिस्टर आणि वेटोळं बंद होताना बसणारा उलटा झटका जिरवणारा डायोड आधीच लावलेला असतो.

स्वस्तातल्या बऱ्याच मॉड्यूलचं वागणं उलटं असतं. पिनेवर पाच व्होल्ट दिले की रिले बंद, काढले की चालू. हे माहीत नसेल तर लाईट जाऊन आली की पाटी सुरू होता होता दिवा क्षणभर लागतो. पिन बाहेर पाठवण्यासाठी उघडायच्या आधीच तिच्यावर 'वर' हा आदेश लिहून ठेवला, की हा झटका येत नाही.

भिंतीच्या पलीकडे

आता नाजूक जागा. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब २३० व्होल्टवर जेमतेम ४० मिलीअँपिअर घेतो. एवढाच करंट माणसाच्या छातीतून काही सेकंद गेला तर हृदय थांबू शकतं. मीटरजवळचा एमसीबी मग काय करतो? काहीच नाही. तो सहा, दहा, सोळा अँपिअरला पडणारा. त्याच्या लेखी माणूस म्हणजे आणखी एक बल्ब. वाचवतो तो ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, पण तो गावातल्या किती घरांत बसवलेला आहे, हे ज्याचं त्याने मीटरजवळ जाऊन बघावं. आणि आरसीसीबीसुद्धा पाठराखण आहे, परवाना नव्हे. फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा दोन हातांत आल्या, तर त्यालाही काही कळत नाही.

व्हिडिओत न दाखवल्या जाणाऱ्या गोष्टी इथेच आहेत. रिले मॉड्यूल उलटं करून बघा. २३० व्होल्टचे टाके खालच्या बाजूला उघडे असतात. ते मॉड्यूल लोखंडी कपाटावर, ओल्या ओट्यावर किंवा मांडीवर ठेवून चालवणं म्हणजे उघडी तार मांडीवर घेणं. प्लॅस्टिकची बंद डबी हवीच. ज्या पांढऱ्या भोकांच्या ब्रेडबोर्डवर पोरं वायरी खोचतात, त्यावर २३० व्होल्ट कधीच आणायचे नाहीत. जम्पर वायरसुद्धा त्यासाठी नसतात. आणि २३० ची एखादी तार सुटून पाच व्होल्टच्या बाजूला लागली, तर ती यूएसबीच्या वायरीतून थेट लॅपटॉपपर्यंत आणि कीबोर्डवरच्या बोटांपर्यंत जाते.

दुसरं, रिलेने तोडायची ती फेज, न्यूट्रल नव्हे. न्यूट्रल तोडली तरी बल्ब विझतो, त्यामुळे सगळं बरोबर झालंय असं वाटतं. पण होल्डरमध्ये फेज तशीच उभी असते. जुन्या घरांमध्ये प्लगची फेज-न्यूट्रल उलटी जोडलेली सर्रास आढळते, म्हणून टेस्टर लावल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. फेज 'कॉमन' नावाच्या टोकाला आणि बल्बची तार 'एनओ' टोकाला लावली, की पाटीचा करंट गेल्यावर बल्ब आपोआप बंद होतो. 'एनसी'ला लावली तर उलटं, पाटी मेली की बल्ब चालू.

आणि तिसरं. रिलेची टोकं ठिणगीने कधीकधी एकमेकांना वितळून चिकटतात. स्क्रीनवर बंद दिसतं, प्रत्यक्षात लाईन चालू. बल्ब बदलायचा असेल तर मोबाईलवरून बंद करून खुर्चीवर चढू नये. मेन स्विच खाली पाडावा.

म्हणून शाळेनं आणि घरानं सरळ नियम करावा. पाच व्होल्ट आणि बारा व्होल्टपर्यंत पोरांनी हवं ते करावं, जळलं तर जळलं. २३० ची जोडणी परवानाधारक वायरमनच्या हातून. प्रदर्शनात २३० चा बल्ब हवाच कशाला? बारा व्होल्टचा गाडीचा बल्ब किंवा एलईडी पट्टी लावली तरी 'टिक' तोच येतो.

गणपतीच्या आराशीत

या छंदाचा गावातला सगळ्यात मोठा बाजार म्हणजे गणपती आणि नवरात्र. पळत्या दिव्यांच्या माळा आधीही होत्या. ५५५ टायमर, ही १९७२ पासून बाजारात असलेली चिप, आणि ४०१७ काउंटर या दोघांच्या जोरावर डेकोरेटरवाल्यांनी वर्षानुवर्षं 'रनिंग' चालवलं. त्यात चाल बदलायची तर सर्किट बदलावं लागे. पाटी आली आणि चाल प्रोग्राममध्ये गेली.

आता पिक्सेल पट्टीची चलती आहे. तिच्या प्रत्येक एलईडीत स्वतःची चिप असते, त्यामुळे एकाच तारेवरून शेकडो एलईडींना वेगवेगळा रंग सांगता येतो. ऊनोची एक पिन पुरते. पण विजेचा हिशोब कोणी करत नाही. एक पिक्सेल पूर्ण पांढरा लागला तर साधारण ६० मिलीअँपिअर घेतो. मीटरला ६० पिक्सेल असलेली पाच मीटर पट्टी म्हणजे ३०० पिक्सेल, म्हणजे १८ अँपिअर. पाच व्होल्ट आहेत म्हणून शॉक बसत नाही हे खरं. पण १८ अँपिअर बारीक वायरीतून गेले तर वायर वितळते, आणि मंडपात आजूबाजूला कापड, कागद, सुकी फुलं असतात. पट्टीला पाटीतून करंट द्यायचा नाही. २० अँपिअरचा वेगळा एसएमपीएस, जाड वायर आणि दोन्ही टोकांनी सप्लाय, हे लागतंच. एकाच टोकाने दिला तर दुसऱ्या टोकाला पांढऱ्याचा पिवळट-लालसर होतो. प्रोग्राममध्ये उजेड निम्म्यावर आणला तर करंटही जवळपास निम्मा होतो, आणि रात्री डोळ्याला तो निम्मा उजेडही भरपूर वाटतो.

लॅपटॉप नसेल तर

गावात बहुतेकांकडे मोबाईलच आहे. अडत नाही. ओटीजी वायरीने पाटी मोबाईलला जोडता येते आणि 'आर्डुइनोड्रॉइड' नावाच्या ॲपमधून प्रोग्राम चढवता येतो. 'टिंकरकॅड' आणि 'वोकवी' या वेबसाइटवर तर पाटीही लागत नाही, स्क्रीनवरच सर्किट जोडून चालवता येतं. टिंकरकॅडमध्ये एलईडीतून जास्त करंट गेला तर तो जळाल्याचं स्क्रीनवर दिसतं, खिशातले पैसे जात नाहीत. छोट्या स्क्रीनवर बोटाने वायरी ओढणं जरा किचकट आहे, एवढंच.

बिनतारी चालवायचं तर एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल ऊनोला जोडतात, घराच्या आत पुरतं. नाहीतर वायफाय असलेली नोडएमसीयू पाटी. तिच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, पाच व्होल्ट दिले तर खराब होते.

शिकायची जागा म्हणाल तर केंद्र सरकारच्या नीती आयोगाने देशात दहा हजारांहून जास्त शाळांत अटल टिंकरिंग लॅब दिल्या आहेत, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या शाळेत असेल, तर पाट्या आणि रिले कपाटात कुलूपबंद आहेत की पोरांच्या हातात, हे पालक सभेत विचारायला हरकत नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं पाबळ हे गाव तर या बाबतीत जगाच्या नकाशावर आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आपल्या हद्दीबाहेर फॅब लॅब उभ्या करायला घेतल्या, तेव्हा अगदी सुरुवातीची लॅब २००२ मध्ये याच पाबळमध्ये आली.

विहिरीवरच्या मोटरचं काय?

दिवा जमला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मोटर का नाही? रिलेवर '१० अँपिअर' लिहिलेलं असतं. पाच एचपीची थ्री फेज मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते. मग बसतंय की! नाही बसत. सुरू होताना तीच मोटर सहापट ओढते, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास, आणि तेही तिन्ही फेजवर. तो रिले पहिल्या नाहीतर दहाव्या झटक्याला चिकटतो, मग मोटर बंदच होत नाही.

बरोबर मार्ग असा, की रिलेने फक्त स्टार्टरचं हिरवं-लाल बटण दाबल्यासारखं करायचं. मोटरचा भार स्टार्टरमधला कॉन्टॅक्टरच पेलणार. ओव्हरलोड आणि सिंगल फेजिंगपासूनचं संरक्षण जिथल्या तिथे राहणार. बाजारात मिळणारे मोबाईल स्टार्टर आतून हेच करतात. हे कामही वायरमनचंच, कारण स्टार्टरच्या बटणावरसुद्धा लाईनचा व्होल्टेज असतो.

आणि एक जुनं दुखणं नव्या पाटीने वाढू नये. लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारे 'ऑटो' काढून टाका, असं महावितरण वारंवार सांगत असतं. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपीवर भार पडतो, ती जळते, आणि मग ऐन उन्हाळ्यात आठ-आठ दिवस वाट बघायची. शिवाय विहिरीत कोणी उतरलेलं असताना मोटर आपोआप सुरू होणं, हा धोका वेगळाच. पाटी लावून हेच करायचं असेल, तर आधी वायरमनला आणि महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारावं लागेल. मान्यता मिळाली तरी प्रत्येक मोटरने थांबून, वेगवेगळ्या वेळी सुरू व्हायला हवं.

त्यासाठी कोणी म्हणेल, प्रोग्रामला सांगू की मनाला येईल तितके सेकंद थांब. इथे पाटी पुन्हा फसवते. ऊनोने काढलेले 'मनाचे' आकडे दर वेळी सुरू झाल्यावर त्याच क्रमाने येतात. एकाच प्रोग्रामच्या वीस पाट्या एका डीपीवर असतील, तर लाईट आल्यावर वीसही पाट्या तोच आकडा काढणार, तेवढेच सेकंद थांबणार आणि वीसही मोटरी एकदमच उठणार. त्यापेक्षा ज्याने त्याने आपल्या गट नंबरचे शेवटचे दोन आकडे घ्यावेत आणि दहाने गुणावेत. गट ४१२ वाला १२० सेकंदांनी, शेजारचा ४१३ वाला १३० सेकंदांनी. शेवटचे दोन आकडे जुळणारे दोघे एकाच डीपीवर निघाले, तर त्यातल्या एकाने पाच मिळवायचे.